फुली मारलेलं घर

वर्धमान चौगुले हा कुरणवाडचा रंगारी. तीस वर्षं गावातल्या भिंतींवरून त्याचा हात फिरलेला. कुणाच्या घराला कुठून ओल येते, कुणाचा गिलावा पोकळ वाजतो, कुणी लग्नाआधी घाईघाईत एकच हात मारून घेतला, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर भिंतींना घाबरायला लागला, हे कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून त्यानं ते सांगितलंच नाही.

त्याच्या भीतीला कारण झाली ती पेटी.

कुरणवाड कृष्णाकाठचं, पूर त्याच्या पाचवीला पुजलेला. पूर ओसरला की आधी घर धुवायचं, मग चुना द्यायचा, ही तिथली रीत. पण पाणी जिथवर चढलं तिथली वीतभर गाळाची पट्टी मात्र कुणी पुसत नसे. तिच्याखाली गेरूनं साल लिहायचं, घरातल्या बाईनं त्या पट्टीला हळदकुंकू लावायचं आणि म्हणायचं, ‘कृष्णाबाई, इथवर आलीस, आता पुढं येऊ नकोस.’ नदी ऐकत नसे, हा भाग वेगळा. या पट्टीला गावात पुराची रेघ म्हणत. वर्धमानच्या हाताला तर तिची इतकी सवय, की ब्रश रेघेपाशी आपोआप थांबायचा.

दोन हजार एक्केचाळीस सालच्या महापुराला तिसरं वर्ष लागलं, त्या उन्हाळ्यात डॉ. अन्वी केळुसकर नावाची एक तरुण बाई गाडीतून ती पेटी घेऊन आली. महापुरात जिल्ह्यातली सत्तावीस माणसं बेपत्ता झाली होती. त्यांचं काय झालं हे भिंतींना विचारायचं, असं तिचं काम होतं. पहिल्या दिवशी तिनं शाळेच्या पटांगणात गाव गोळा केलं.

“तुमच्या नदीचा गाळ फार बारीक आहे,” ती म्हणाली. “त्यातला चिकणमातीचा कण गोल नसतो, पापडासारखा चपटा असतो. साचलेल्या पाण्यात हे कण भिंतीच्या खडबडीत अंगावर एकावर एक बसत जातात. जवळ कुणी बोललं की भिंत थरथरते. आपल्याला कळत नाही, पण थरथरते. त्या वेळी बसणारा कण जरा तिरका बसतो. त्याच्यावर पुढचा बसला, की तो तसाच अडकून राहतो. ही पेटी थराथरातून प्रकाशाचा किरण पाठवते आणि कण किती तिरके आहेत ते वाचते. त्यावरून संगणक आवाज उभा करतो.”

“म्हंजे सगळ्या भिंती बोलणार?” पायगोंडा मगदूमनं विचारलं. त्याच्या घरात तिन्ही त्रिकाळ भांडणं, त्यामुळं प्रश्न अगदी आतून आलेला.

“नाही. पाणी चढत असतं तेव्हा सगळं ढवळून निघतं, तेव्हाचं काही टिकत नाही. पाणी वर येऊन थांबलं, तिथली वीतभर पट्टी तेवढी बोलते. आणि ती बहुतेक गावांत लोक सगळ्यात आधी धुऊन टाकतात. तुम्ही मात्र जपून ठेवलीत.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपण इतकी वर्षं कशाला कुंकू लावत होतो, हे कुणाला कळेना.

मग तिनं शाळेच्या भिंतीवरच्या रेघेला पेटी लावली. महापुरात शाळा रिकामी होती, कुलूप होतं. पेटीतून आधी पत्र्यावरच्या पावसासारखी खरखर आली. मग ठक्, ठक्, असा आवाज. एखादं तरंगतं बाक भिंतीला लागत असणार, असं अन्वी म्हणाली. पटांगणातली माणसं गप्प बसून ते ठकठक ऐकत राहिली. आणि मग त्या बंद शाळेत कुणीतरी खोकलं. एकदाच, अगदी दबून, वर्गात खोकतात तसं. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

त्या दिवसापासून गावाची चालच बदलली. लोक घरात हळू बोलायला लागले. बायका रेघेजवळून जाताना पदर सावरायच्या. मगदुमांच्या माळ्यावर अडकलेली शेळी पेटीतून दीड दिवस ओरडली, तेव्हा मगदूम जेवले नाहीत, आणि नवल म्हणजे भांडलेही नाहीत. काहींनी वर्धमानला गुपचूप गाठलं. “अण्णा, तेवढी आमची रेघ खरवडून टाक की. उगंच नको ती लफडी.” त्यानं दोन-तीन घरांत खरवडूनही दिली. खरवडायचा पत्रा भिंतीवर चालवताना त्याच्या मनात एकच विचार यायचा, की असाच पत्रा आपल्या माजघरात चालवावा आणि मोकळं व्हावं.

पण ते जमण्यासारखं नव्हतं. माजघरात राजमती होती.

राजमती त्याच्या धाकट्या भावाची, बाहुबलीची बायको. महापूर आला तेव्हा ती कागवाडला माहेरी होती. परत आली तेव्हा घर होतं, नवरा नव्हता. बाहुबलीचा देह सापडला नाही. म्हणून तिनं गळ्यातलं काढलं नाही, आणि काढलं नाही म्हणून गावात कुणी तिला नीट बाईसारखं वागवलंही नाही, ना सवाष्ण म्हणून ना विधवा म्हणून. वर्धमानची बायको जाऊन दहा वर्षं झालेली. एकाच छपराखाली दीर आणि भावजय, तो पुढच्या सोप्यात, ती माजघरात, असा तीन वर्षांचा संसार चाललेला. ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची. तो तिला बाजार आणून द्यायचा. ती त्याला अण्णा म्हणायची, बाहुबली म्हणायचा तसंच.

“अण्णा,” एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “त्या बाईला आपल्या घरला बोलवूया म्हणतो मी.”

वर्धमाननं हातातला तुकडा ताटात ठेवला.

“कशाला? गेलेल्या माणसाचा आवाज ऐकून काय मिळणार हाय?”

“गेलं का न्हाई, तेवढं तर कळंल. शेवटाला कुणाला हाक मारली, तेवढंच मला ऐकायचं हाय. बाकी काय नको.”

वर्धमाननं ताट सरकवलं. हात धुवून उठला आणि बाहेर येऊन वळचणीखालच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. तिथं, खूप उंचावर, चुन्याच्या दोन हातांखाली, लाल रंगाची एक फुली होती. ती आता कुणाला दिसत नव्हती. त्याला दिसायची.

झालं होतं ते असं. महापुराच्या सोमवारी दुपारी बाहेरगावची बोट आली. गल्लीबोळ दाखवायला एक माहितीचा माणूस हवा, म्हणून वर्धमान तीत बसला. माणसं काढून घेतली की त्या घरावर फुली मारायची, म्हणजे दुसरी बोट तिथं वेळ घालवणार नाही, ही युक्ती त्याचीच. तैलरंगाचा डबा त्याच्यापाशी होताच. पाणी अजून चढणार हे ओळखून तो बोटीत उभा राहायचा आणि फुली वळचणीखाली अगदी उंच काढायचा. त्याबद्दल पुढं ग्रामपंचायतीनं त्याचा सत्कारही केला. शाल अजून ट्रंकेत होती.

त्याच्या स्वतःच्या घराशी बोट आली, तेव्हा बाहुबली मागच्या दारानं गोठ्यात गेला होता. म्हशींची दावी सोडायला. “आलोच, अण्णा, थांब,” असं ओरडून गेला. बोटीत चौदा माणसं. बोटीचा काठ पाण्याला टेकायला आलेला, आणि ओढ अशी, की बोट सारखी देवळाच्या दगडी भिंतीकडे सरकत होती. बोटवाल्यानं ओरडून विचारलं, “आणखी कोण आहे?”

“कोण न्हाई,” वर्धमान म्हणाला.

तो भ्याला. दुसरं काही कारण नव्हतं. भावाशी वैर नव्हतं, वाटणीचा वाद नव्हता. छातीत एक गार गोळा आला आणि तोंडातून ते दोन शब्द गेले. आणि हातानं, सवयीनं, फुली मारली.

छावणीत उतरल्यावर त्यानं सांगितलं, की बाहुबली म्हशींच्या मागं गेला आणि डोळ्यांदेखत वाहून गेला. यादीत तसं लिहिलं गेलं. असंच झालं असणार, असं त्याला स्वतःलाही हळूहळू वाटायला लागलं. एवढ्या ओढीत माणूस किती वेळ टिकणार? तासभरसुद्धा नाही. पाणी ओसरल्यावर घर धुताना माळ्यावर त्याला गुळाची ढेप कुरतडलेली सापडली. उंदीर, असं म्हणून त्यानं ती नदीत टाकली होती.

आता ते ‘कोण न्हाई’ भिंतीत असेल का, हा एकच प्रश्न त्याला खात होता. दोन दिवसांनी तो शाळेत अन्वीला भेटला.

“बाई, एक विच्यारू? आमच्या घरात पाणी सोमवारी चढायला लागलं आणि मंगळवारी पहाटं थांबलं. तिथनं शुक्रवारपातूर जाग्यावरच हुतं. मग सोमवारचं कुणी बोललेलं त्या रेघंत येईल का?”

“नाही येणार,” अन्वी म्हणाली. “सोमवारी पाणी चढतं होतं ना? मंगळवारपासूनचं ऐकू येईल. चहाच्या कपाला आतून कडा धरते बघा, कप तसाच राहिला तर. तशी तुमची रेघ. मंगळवार ते शुक्रवार.”

वर्धमान शाळेच्या पायरीवर बसला. सुटल्यासारखं वाटलं त्याला. मंगळवारी तर घरात कुणीच नव्हतं. बाहू सोमवारीच गेला. रेघेत पावसाशिवाय काही निघणार नाही, आणि राजमतीचं समाधान होईल. तो उठला, अन्वीला म्हणाला, “मग या की आमच्याकडं. उद्याच या.” घरी जाताना त्यानं बऱ्याच दिवसांनी राजमतीसाठी वेणी घेतली, आणि तिच्या गळ्यातलं भावाच्या नावाचं, हा विचार येऊन ती देवाला वाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वी आली. माजघरातली रेघ माळ्याच्या फळ्यांच्या हातभर खाली, शिडी लावूनच पोचता येईल एवढी उंच. तिच्याखाली वर्धमानच्याच वळणदार अक्षरात २०४१ लिहिलेलं. पेटी लावून अन्वी खाली उतरली. राजमती भिंतीला पाठ न लावता ताठ बसली होती. वर्धमान दारात उभा राहिला, पाहुण्याला निरोप द्यायला उभं राहावं तसा.

आधी पाऊस. माकडांच्या त्रासानं कौलं काढून वर पत्रे ठोकले होते, त्यामुळं पाऊस ताशासारखा वाजत होता. अन्वीनं तो कमी केला. मग काही नाही. वर्धमाननं श्वास सोडला.

“दाणं हायत. गूळ हाय,” पेटी म्हणाली. “चालतंय.”

आवाज तोंडात माती धरून बोलल्यासारखा होता. पण बाहुबलीचाच होता. एकटा असला की तो असाच स्वतःशी बोलायचा.

राजमतीनं डोळे मिटले. वर्धमाननं चौकट धरली.

“म्हशी सुटल्या बग, राजी. पवत गेल्या. तुझं पितळी पातेलं तेवढं बुडालं गं.” मग पाऊस. मग, “अण्णा येतोय आता. बोट घिऊन येतोय.”

“हे मंगळवारचं,” अन्वी हळूच म्हणाली. “पुढे नेऊ?”

बुधवारी पत्र्यावर लाकूड आपटल्याचे आवाज होते. तो पत्रा काढायला बघत होता. पत्र्यांना बोल्ट होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर्धमाननंच पक्के आवळून घेतलेले. आवाज थकत गेला. मध्येच पाण्याचे घोट. “अण्णा येतोय,” हे त्या दिवशी अकरा वेळा आलं. पेटीच्या पडद्यावर ते आपोआप मोजलं जात होतं, आणि अन्वीनं तो आकडा हातानं झाकला.

गुरुवारी इंजिनाचा आवाज आला. लांबून, मग जवळ, मग अगदी भिंतीला लागून. राजमती अर्धी उठली. दोन परक्या माणसांचे आवाज, बाहेरच्या अंगानं भिंतीत शिरलेले.

“ह्या घरात बघायचं का रं?”

“फुली हाय की वर. रिकामं हाय. चल फुडं.”

त्यानंतर बाहुबली ओरडला. हाय, मी हाय हितं, एवढेच शब्द, पुन्हा पुन्हा, आणि त्यांच्यावर पाऊस आणि इंजिन. मग इंजिन लांब गेलं आणि नुसता पाऊस राहिला.

“थांबवू का?” अन्वीनं विचारलं.

“न्हाई,” राजमती म्हणाली.

बऱ्याच वेळानं तो पुन्हा बोलला, आता शांतपणे, कुणाची तरी समजूत घालावी तसा. “अण्णा न्हवता त्या बोटीत. अण्णा असता तर थांबला असता.” मग फळ्या करकरल्या. “खालनं जातो आता मी. दार कुठं हाय मला ठाव हाय.”

पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर शुक्रवारपर्यंतच्या रेघेत पाऊस होता.

अन्वीनं पेटी बंद केली. ती सामान घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

“फुल्या तुम्ही मारत हुता,” राजमती म्हणाली. वर्धमानकडे न बघता.

“व्हय.”

“बोटवाल्यानं इच्यारलं असंल की. आणखी कोण हाय म्हणून.”

“इच्यारलं.”

“मग?”

“कोण न्हाई म्हणालो मी.”

तीन वर्षं तो या क्षणाला भीत होता. वाटलं होतं, ती किंचाळेल, गाव गोळा करेल, हाकलून देईल. तिनं यांतलं काही केलं नाही. ती उठली, गळ्यातलं काढून देव्हाऱ्यात ठेवलं, आणि चूल पेटवली. ताट वाढून सोप्यात सरकवलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याला अण्णा म्हणाली नाही. रेघेला मात्र रोज हळद लावायची, आणि तेव्हा ओठ हलायचे.

हे असं जगणं फार वाईट. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या पदरात घेतल्या असत्या. तो एकटा असला की माजघरात जाऊन शिडीवर चढायचा आणि रेघेला तोंड लावून काहीबाही सांगायचा. पण भिंत कोरडी होती. कोरड्या भिंतीत काही शिरत नाही, एवढं विज्ञान त्याला आता पक्कं कळलं होतं. बाहूपर्यंत काही पोचवायचं तर पाणी हवं होतं, आणि तेही थांबलेलं.

ते पुढच्याच ऑगस्टमध्ये आलं.

रविवारपासून नदी चढायला लागली. सरकारी अंदाज मोबाइलवर आला, तोही अगदी नेमका. बुधवारपर्यंत पाणी एक्केचाळीसच्या रेघेला लागेल आणि तिथं दोन दिवस थांबेल. गाव हलायला लागलं. वर्धमाननं डब्यात गूळ आणि दाणे भरले, पाण्याचा कॅन घेतला आणि सगळं माळ्यावर नेऊन ठेवलं. राजमतीनं ते बघितलं.

मनात त्यानं सगळं ठरवलं होतं. पाणी थांबलं की बोलायला लागायचं. सगळं सांगायचं. बाहूच्या थरावर आपला थर बसेल, गाळाला गाळ चिकटेल, आणि कधी कुणी पेटी लावलीच, तर दोन्ही आवाज एकामागून एक निघतील. त्यानं हाक मारलेली, आणि यानं दिलेली ओ. मग दार कुठं आहे ते त्यालाही माहीत होतंच.

सोमवारी दुपारी पाणी उंबऱ्यावरून आत आलं. राजमती बोचकं घेऊन दारात उभी होती. “मी मागच्या बोटीनं येतो,” असं तो तिला म्हणाला आणि शिडी चढून वर गेला. वर गेल्यावर शिडी ओढून घेतली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्या अंधाऱ्या जागेत तो फळीवर पालथा पडला, आणि त्याच्या लक्षात आलं, की फळीवर दोन खळगे आहेत, कोपरं टेकून टेकून पडलेले. त्याची कोपरं त्यांत बरोबर बसली.

इंजिनाचा आवाज आला. बोट दाराला लागली. राजमती चढल्याचं, कुणीतरी तिचं बोचकं घेतल्याचं त्याला ऐकू आलं. भिंत सगळं आत आणत होती.

“बाई, आणखी कोण हाय घरात?”

उत्तर आलं नाही.

खालच्या पाण्यात पाट, दुरड्या, पायपोस एकमेकांवर आपटत होते. वर्धमाननं श्वास धरला. ती काय म्हणेल हे त्याला माहीत होतं. तिनं तेच म्हणावं, असं त्याचं ठरलेलं होतं, त्यासाठीच तर तो वर आला होता. आणि तरीही छातीत तोच गार गोळा आला, आणि त्याला अतोनात वाटलं, की तिनं तसं म्हणू नये. बाहूलाही असंच वाटलं असणार, याच फळीवर, तीन दिवस.

“बाई, ओढ वाढायलीय. कोण हाय का न्हाई?”

“हाय,” राजमती म्हणाली. “माळ्यावर माणूस हाय. त्याला घेतल्याबिगर मी बोट हलवू देणार न्हाई.”

ती अण्णा म्हणाली नव्हती. माणूस म्हणाली होती. वर्धमान फळीवर कपाळ टेकून रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. मग त्यानं शिडी खाली सोडली.

उतरताना त्याचा हात रेघेवरून गेला. पाणी अजून चढतं होतं. चढत्या पाण्यात भिंत काही ठेवून घेत नाही. त्यामुळं राजमती काय म्हणाली, ते पुढं कुणालाच ऐकू येणार नव्हतं. ते त्यालाच जन्मभर सांभाळायचं होतं.